गॅरेज कट्टा : पिस्टनला पिचकारी मारायची, पण तेल कुठून आणायचं?

मागच्या अंकात टर्बो किटवर दोन ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून येणाऱ्या पत्रांमधली निम्मी एकाच गोष्टीची आहेत, की मोठ्या टर्बो डिझेलला पिस्टनच्या बुडाला तेल मारणारे जेट असतात ना, ते आमच्या जुन्या इंजिनाला बसवता येतील का. म्हणून या वेळी क्लच, बॅटरी वगैरे सगळं बाजूला, फक्त जेट. पहिलं उत्तर जरा लांबलंय कारण त्या गृहस्थांचा ब्लॉक आत्ता खोललेला पडलाय आणि त्यांना घाई आहे.

प्रश्न : नमस्कार काका, माझ्याकडे जुनी ट्रॅक्स आहे, ओएम ६१६ इंजिन, मुळात टर्बो नव्हता, तीन वर्षांपूर्वी बसवून घेतला आणि पंपाचं डिझेल पण थोडं वाढवलंय. गाडी मस्त ओढते पण मागच्या महिन्यात खंबाटकी चढताना माणसं भरलेली होती, इंजिन जड झालं आणि बंद पडलं, खोललं तर दोन नंबरचा पिस्टन धरलेला, म्हणजे सिलेंडरमध्येच अडकून बसलेला. ब्लॉक आता भोसरीला आहे. मेकॅनिक म्हणतो जेट नाहीत म्हणून झालं, ब्लॉकला भोकं पाडून चार जेट बसवून देतो. बसवू का? — एक वाचक, धायरी

उत्तर : जेट आत्ता बसवू नका. भोकांचं वेगळं आहे, ते खाली सांगतो.

आधी तुमच्या मेकॅनिकचं जे बरोबर आहे ते मान्य करू. ओएम ६१६ म्हणजे मर्सिडीझचं चार सिलेंडरचं २.४ लिटरचं डिझेल, बोअर ९०.९ आणि स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर, आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आत्ताच्या फोर्स मोटर्सने, डाइमलर-बेंझच्या लायसन्सवर इथे बनवलं आणि ट्रॅक्सपासून ट्रॅव्हलरपर्यंत घातलं. याचाच पाच सिलेंडरचा मोठा भाऊ ओएम ६१७, बोअर तोच, स्ट्रोक तोच. मर्सिडीझने १९७८ मध्ये त्याला टर्बो लावून ३०० एसडी काढली तेव्हा नुसता टर्बो लावून सोडून नाही दिलं, पिस्टनखाली तेलाचे जेट दिले, पिस्टनही त्यासाठीचे घातले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घातले. तुमच्या इंजिनाला टर्बो आला पण यातलं काहीच आलं नाही. म्हणजे मेकॅनिक हवेत बोलत नाहीये.

पण मग दोन नंबरच का? चारही पिस्टनला जेट नव्हते, टर्बोची हवा चौघांना सारखी, मग धरला फक्त एक. हे मला पहिलं खटकलं. चारही पिस्टन टेबलावर मांडा आणि उलटे करून बुडाकडे बघा. तेलाचा पिवळट-तपकिरी थर असेल तर ठीक, काळा कुळकुळीत, नखाने खरवडला तर कोळशासारखा निघणारा थर असेल तर तो पिस्टन खरंच भाजलाय. चारही बुडं काळी असतील तर मेकॅनिकचं म्हणणं जिंकलं. फक्त दोन नंबर काळा असेल तर आधी त्या नंबरचा इंजेक्टर टेस्टिंगला पाठवा, तो थेंब थेंब गळत असणार किंवा भलत्याच प्रेशरला उघडत असणार, कारण हे प्रीचेंबरवालं इंजिन आहे, जाळ छोट्या चेंबरमधून बाहेर पडून पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी आपटतो, तिथे डिझेल जास्त झालं की मग काय. आणि स्कर्टवरच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घासणाऱ्या भागावरच्या, ओरखड्यांची जागा बघा, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार पट्ट्यांवर घासलं असेल तर पिस्टन गरम होऊन फुगला, एकाच बाजूला घासलं असेल तर तिथे तेल नव्हतं किंवा बोअरिंगवाल्याने क्लिअरन्स कंजूष दिला.

फुगला म्हणजे किती? ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलेंडरच्या जवळपास दुप्पट फुगतो. ९०.९ मिलिमीटरचा पिस्टन नेहमीपेक्षा ५० अंश जास्त तापला तर तो साधारण ०.०९ मिलिमीटर वाढतो, आणि सिलेंडरला मागून पाणी असल्यामुळे तो त्या मानाने फारसा वाढत नाही. पिस्टनचा क्लिअरन्सच मुळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो, त्यामुळे ०.०९ ही थट्टेची गोष्ट नाही. दुसरीकडे वरच्या रिंगेची खाच २५० अंशांच्या वर राहायला लागली की तिथलं तेल जळून कोळसा होतो, रिंग चिकटते, आणि पिस्टनची उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता रिंगच असल्यामुळे ती चिकटली की पिस्टन अजून तापतो. साध्या जेटने, म्हणजे नुसतं बुडावर तेल मारणाऱ्या, या खाचेचं तापमान १० ते ३० अंश उतरतं. ज्या पिस्टनच्या डोक्यात तेल खेळवायला गोल पोकळी असते, तिला गॅलरी म्हणतात, तिथे २५ ते ५० उतरतं. तुमचे पिस्टन बिगरटर्बोचे, त्यांना ती पोकळी नाही, तेव्हा तुम्हाला मिळालं तर पहिलं मिळेल, दुसरं नाही.

आता खरा मुद्दा. पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा तीन मजली सोसायटीत राहिलात तर कळेल, खालच्या मजल्यावर कोणी चार नळ पूर्ण सोडले की वरच्या मजल्यावर अंघोळीच्या वेळी धार करंगळीएवढी होते. इंजिनाची ऑइल गॅलरी, पिस्टनमधली पोकळी नव्हे, ब्लॉकमधली तेलाची मुख्य वाट, म्हणजे तोच पाइप. तिच्यावर आधीच मेन बेअरिंग, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक), कॅम, रॉकर बसलेत, तुम्ही तीन वर्षांपूर्वी टर्बोचं एक कनेक्शन वाढवलंत, आता अजून चार नळ जोडायचे म्हणताय आणि टाकी, म्हणजे ऑइल पंप, तोच. १.५ मिलिमीटरच्या एका जेटमधून गरम तेल ३ बार प्रेशरला मिनिटाला साधारण २ लिटर जातं, चार जेटचे ८ लिटर. २ मिलिमीटरचं नोझल घातलंत तर एकाचे पावणेचार आणि चौघांचे १५. दिसायला अर्धा मिलिमीटर, हिशेबात जवळपास दुप्पट. जुनाबाजारात मिळाले म्हणून कुठल्यातरी ट्रकचे जेट उचलून लावणारे इथेच मार खातात. जेटच्या बोल्टमध्ये स्प्रिंग आणि छोटी गोळी असते, दीड-दोन बारच्या खाली ती बंद राहते म्हणजे आयडलला बेअरिंगांचं तेल चोरीला जात नाही. गोळी नसलेला, सदा उघडा जेट घेऊच नका.

मग पंप पुरा पडेल का हे भोक पाडायच्या आधी कळायला हवं, आणि त्याला एक सोपी युक्ती आहे जी मी स्वतः वापरतो. १.५ मिलिमीटरची चार भोकं आणि ३ मिलिमीटरचं एक भोक, क्षेत्रफळ अगदी सारखं येतं, करून बघा. इंजिन बांधून झालं, रन-इन झालं, की गॅलरीच्या टोकाचा स्क्रूचा प्लग काढून, तो बाहेरून सापडत नसेल तर फिल्टर हाउसिंगच्या स्वच्छ बाजूकडून, एक १० मिलिमीटरचा हायड्रॉलिक होज काढायचा, त्यात ३ मिलिमीटर भोकाचा पितळी प्लग बसवायचा, एक बॉल व्हॉल्व्ह लावायचा आणि दुसरं टोक टॅपेट कव्हरच्या तेल ओतायच्या तोंडात सोडून नीट बांधायचं. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पाण्याचा काटा नाही, चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं, तेल ९० अंशांच्या वर. मग गाडी जागेवर उभी ठेवून १५००, २०००, ३००० आरपीएमला व्हॉल्व्ह बंद आणि उघडा, दोन्हीचं प्रेशर मेकॅनिकल गेजवर बघून लिहून काढा. डॅशबोर्डच्या दिव्यावर जाऊ नका, तो मरताना पेटतो. माझा हिशेब असा की व्हॉल्व्ह उघडल्यावरही दर हजार आरपीएमला ०.७ बार तरी उरलं पाहिजे, ३००० ला २ च्या वर. तेवढं राहिलं तर प्रेशर जास्त झालं की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून जे फुकट खाली पडत होतं तेच तेल जेटला मिळणार, कुणाच्या ताटातलं जाणार नाही. व्हॉल्व्ह बंद असतानाच प्रेशर आरपीएमबरोबर नुसतं चढत राहत असेल आणि कुठेच सपाट होत नसेल तर पंपाकडे शिल्लक काहीच नाही, जेटचा विषय तिथेच संपला, आधी मोठा पंप शोधा. होज भाजका असतो, लहान मुलं आणि हौशी बघे लांब ठेवा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. पिस्टनची उष्णता तेलात गेली म्हणजे नाहीशी झाली नाही. मिनिटाला ८ लिटर तेल पिस्टनला लागून २५ अंशांनी गरम होऊन खाली पडलं असं धरलं तर ती जवळपास ६ किलोवॉट होते, म्हणजे तुमच्या बाथरूममधले २ किलोवॉटचे तीन गिझर चेंबरमध्ये सोडलेत. घाटात, भर उन्हात, एसी लावून. ऑइल कूलर नसेल किंवा आतून चिखलाने भरला असेल तर जेटने पिस्टन वाचेल आणि बेअरिंग जाईल.

आता भोकांचं. ब्लॉक खोललेलाच आहे, क्रँक बाहेर आहे, ही वेळ परत येणार नाही. ब्लॉक उलटा करून बघा, प्रत्येक सिलेंडरच्या खाली गॅलरीच्या बाजूला ओतकामाचा जाड उठाव आहे का. बरेच कारखाने एकच ओतकाम टर्बो आणि बिगरटर्बो दोघांना वापरतात, फक्त भोक पाडत नाहीत. उठाव असेल आणि भिंत पुरेशी जाड असेल तर आत्ता भोकं पाडून आटे पाडून घ्या आणि चारही जागी जेटऐवजी आंधळे, म्हणजे तेलाचं भोक नसलेले, बोल्ट लॉक करून लावा. इंजिन बांधा, होजवाली टेस्ट करा, पास झाली तर नुसता चेंबर उतरवून बोल्ट काढून जेट लावता येतील, नापास झाली तर बोल्ट आहेत तिथेच राहतील, कुणाचं काही गेलं नाही. उठावच नसेल तर कोणाच्याही सांगण्यावरून भोक पाडू नका, पलीकडे पाण्याचं जॅकेट असू शकतं आणि मग तेलात पाणी.

आणि तोपर्यंत एक साधं काम करा, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तापमानाचं गेज लावा. असल्या जुन्या ॲल्युमिनियम पिस्टनच्या इंजिनाला मी चढावर सलग ७०० अंशांच्या वर जाऊ देत नाही. खंबाटकीला ७५० दिसलं तर पंपाचं वाढवलेलं डिझेल परत कमी करायचं, इंटरकूलर नसेल तर लावायचा. मला खरं विचाराल तर तुमचं काम नव्वद टक्के तिथेच होईल, पण डिझेल कमी करायचं म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, हे पण मला माहीत आहे.

प्रश्न : आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग करतो. अशी जेटची कामं आता आमच्याकडे यायला लागलीत. एक पार्टी म्हणते ब्लॉक नको, कनेक्टिंग रॉडलाच बारीक भोक पाडा, जुन्या इंजिनांना असायचं. चालेल का? आणि ब्लॉकला करायचं तर काय सांभाळायचं? — एक व्यावसायिक वाचक

उत्तर : रॉडला नको. जुन्या बऱ्याच इंजिनांत बिग एंडच्या खांद्यावर तिरकं भोक असायचं हे खरं, क्रँकचं तेलाचं भोक त्याच्यासमोर आलं की प्रत्येक फेऱ्यात एकदा थुंकल्यासारखी पिचकारी मारायचं, मुख्यतः सिलेंडरच्या भिंतीवर. पण तो रॉड फोर्ज करताना त्या भोकाचा विचार केलेला असतो. तयार रॉडला तुम्ही नंतर भोक पाडलं तर चिरा सुरू व्हायला तुम्हीच जागा करून दिली, आणि रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर आला की पार्टी तुमच्याच दारात उभी राहणार. तिसरा एक प्रकार आहे, मेन बेअरिंगच्या बैठकीतूनच वर बघणारं छोटं नोझल दाबून बसवायचं, कमिन्सच्या बी सिरीजमध्ये हे दोन्ही बघायला मिळतं, काहींना बैठकीतले जेट आणि काहींना बोल्टने लावलेले, इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे. बैठकीतलं काम लाइन बोअरिंग मशीन आणि चांगला कारागीर असल्याशिवाय करू नये, बेअरिंगची पाठ बसते ती जागा एकदा बिघडली की बिघडली.

ब्लॉकला करताना नुसत्या हाताने ड्रिल धरून कोणी काम करत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. जिग बनवा, ब्लॉकच्या चेंबरच्या फेसवर आणि मेन कॅपच्या आट्यांवर बसणारी जाड प्लेट, तिच्यात कडक बुश, म्हणजे चारही भोकं गॅलरीच्या मधोमध उतरतील, कडेला चाटून नाही. शेवटचे दोन मिलिमीटर हळू. आरपार जाऊन गॅलरीच्या पलीकडच्या भिंतीला ड्रिलचं टोक लागता कामा नये, डेप्थ स्टॉप लावा.

जेटचा अँगल बघायला मी रॉकेल आणि तेल मिसळून प्रेशर पॉटने मारून बघतो, पिस्टन खाली असताना आणि वर असताना दोन्ही वेळा धार बुडाच्या मध्यावर लागली पाहिजे, स्कर्टच्या आतल्या कडेला नाही. वरून अंगावर शिंतोडे उडतील, जुना शर्ट घाला. मग अडण्याचं बघायचं. काउंटरवेटवर आणि रॉडच्या खांद्यावर शाडूची माती थापून क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, गणपतीनंतर कुणाच्या ना कुणाच्या घरी उरलेली असतेच, नाहीतर पोरांची क्ले चालते. जेटचा ठसा जिथे उठेल तिथे मातीची उरलेली जाडी मोजा, दोन-अडीच मिलिमीटर तरी हवी. ही थंड इंजिनाची जागा आहे, चालू इंजिनात रॉड ताणला जातो, बेअरिंगमध्ये ढिलाई असते, सगळं थोडं सरकतं. पिस्टन सर्वांत खाली आल्यावर स्कर्ट जेटवर बसत असेल तर स्कर्टला अर्धगोल खाच काढावी लागते, चारही पिस्टनच्या खाचा सारख्या आणि नंतर वजन एकसारखं, काट्यावर.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गॅलरीत पडलेला कीस. गॅलरीचे दोन्ही टोकांचे प्लग काढा, काढायला जड जातं म्हणून लोक ठेवून देतात आणि तिथेच फसतात. लांब ब्रश, डिझेल, हवा, परत ब्रश, पांढरं फडकं काळं-करडं निघायचं बंद होईपर्यंत. फिल्टर गॅलरीच्या आधी असतो, त्यामुळे तुमच्या ड्रिलचा कीस कुठलाच फिल्टर पकडणार नाही, तो सरळ बेअरिंगमध्ये. जेटचा बोल्ट लॉक टॅब किंवा लॉकिंग केमिकल लावून टॉर्कवर, कारण तो सुटला तर खाली चेंबरमध्ये पडणार नाही, क्रँक त्याला वरच्या वर टोला मारेल.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्यात वाद झाला की पिस्टन एवढ्या वेगाने वर जातो तर जेटचं तेल त्याला गाठतं तरी का, की फक्त खाली येताना लागतं? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : फार छान प्रश्न, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पण गडबडलो होतो. चल हिशेब करू. गॅलरीत ३ बार असेल आणि तेलाची घनता ८५० धरली तर नोझलमधून धार सेकंदाला साधारण २६ मीटरने निघते, बर्नोली लाव, येतं. वरच्या ट्रॅक्सचाच स्ट्रोक घे, ९२.४ मिलिमीटर, ३००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सव्वानऊ मीटर, आणि मध्यावर कमाल वेग सरासरीच्या साधारण १.६ पट, म्हणजे १५ च्या आसपास. २६ आणि १५, तेल गाठतं. फक्त वर जाताना हळू आदळतं आणि खाली येताना समोरासमोर धडकतं. प्रेशर निम्मं झालं तर वेग निम्मा होत नाही, वर्गमुळाने कमी होतो, १८-१९ राहतो, तेव्हा फरक अगदी थोडा उरतो आणि वर जाणाऱ्या पिस्टनला तेल जेमतेम लागतं. तुमच्या वादात दोन्ही पार्ट्या थोड्या थोड्या बरोबर होत्या.

गॅलरीवाल्या पिस्टनमध्ये अजून गंमत आहे. तिथे धार एका भोकातून आत शिरते आणि दुसऱ्यातून गळते, पण पोकळी मुद्दाम पूर्ण भरू देत नाहीत, अर्धवट रिकामी ठेवतात. पिस्टन वर-खाली झाला की आतलं तेल ताक घुसळल्यासारखं छताला आणि तळाला आपटतं, उष्णता त्या घुसळण्याने निघते. रवीला जागाच ठेवली नाही तर ताक होणार कसं.

प्रश्न : माझ्या कॉमन रेल डिझेल कारचं इंजिन एका गॅरेजमध्ये रिंगा बदलायला खोललं होतं. बांधल्यानंतर दोन हजार किलोमीटरमध्ये तीन नंबर सिलेंडर ओरखडला. गॅरेजवाला म्हणतो तुम्ही तेल खराब घातलं. — वाचक, चिंचवड

उत्तर : तेल खराब असतं तर एकटा तीन नंबर कशाला रुसला असता. चेंबर उतरवून तीन नंबरचा जेट बाकीच्या तिघांशेजारी टॉर्च मारून बघा, वाकलेला असण्याची शक्यता खूप आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत झालंय हे, बारा-तेरा वर्षं झाली, मी गावाला गेलो म्हणून दुसऱ्याकडे दिली होती. पिस्टन वरून ढकलताना रॉडचं खालचं टोक जेटच्या नळीला लागतं, नळी दोन-तीन मिलिमीटर सरकते, बांधणाऱ्याला हाताला काही जाणवतही नाही. गाडी चालू होते, आवाज नाही, धूर नाही, फक्त त्या एका पिस्टनची धार बुडाऐवजी रॉडवर. मला कळलं ते थेट हायवेला, आणि पोरगं मागच्या सीटवर झोपलेलं. तेव्हापासून मी पिस्टन घालताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवतो आणि घालून झाल्यावर प्रत्येक जेटच्या भोकात बारीक तार घालून ती कुठे बोट दाखवते ते बघतो. वाकलेला जेट पक्कडीने सरळ करू नका, बदला, नाना पेठेत जेट सुटा मिळतो आणि त्याची किंमत या सगळ्यापुढे काहीच नाही. गॅरेजवाल्याशी भांडायचं असेल तर चेंबर त्याच्यासमोर उतरवा आणि हात लावायच्या आधी फोटो काढा.

प्रश्न : जेट लावल्यावर प्रेशर कमी झालं, २०डब्ल्यू-५० घालू का? — वाचक, हडपसर

उत्तर : काटा वर जाईल, तेल कमी जाईल. प्रेशर म्हणजे तेल पोचलं असं नाही, अडलं असाही त्याचा अर्थ असतो. कंपनीने सांगितलेला ग्रेड घाला, बहुतेक जुन्या टर्बो डिझेलला १५डब्ल्यू-४० आहे, डिझेलसाठीचं सीआय-४ किंवा त्यावरचं, आणि बदलायचं अंतर जरा कमी करा कारण जेटवाल्या इंजिनात तेल जास्त भाजतं. तरीही गरम असताना काटा पडत असेल तर वरची धायरीवाल्यांची टेस्ट करा. आणि रिंगा जुन्या असतील तर भिंतीवर तेल जास्त उडाल्यामुळे तेल खायला लागेल, ती जेटची चूक नाही.

प्रश्न : हे सगळं केल्यावर आरटीओत अडेल का? — वाचक, वारजे

उत्तर : आतला जेट कुणाला दिसत नाही, पण बाहेरचा टर्बो दिसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. जेटवाल्यांनी याचा विचार टर्बो लावतानाच करायला हवा होता.

प्रश्न : माझ्याकडे शेतावर पाण्याच्या पंपाला एक सिलेंडरचं आडवं जुनं इंजिन आहे, डोक्यावर पाण्याचा हौद असलेलं. उन्हाळ्यात पाणी उकळतं. त्याला जेट लावला तर थंड राहील का? — शेतकरी वाचक, जुन्नर

उत्तर : दादा, या जातीच्या बऱ्याच इंजिनांत जेटला पुरवायला प्रेशरचं तेलच नसतं, क्रँक फिरताना चेंबरमधलं तेल उडवतो त्याच्यावरच सगळं भागतं, पिस्टनचं बूडही त्याच शिंतोड्यांनी भिजतं. जेट कशाला जोडणार. आणि हौदातलं पाणी उकळतंय म्हणजे इंजिन बिघडलंय असं नाही, ते उकळून वाफ होऊन उष्णता नेण्यासाठीच ठेवलेलं आहे. फक्त पातळी खाली जाऊ देऊ नका, आणि कमी झालं तर विहिरीचं गार पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून.